बरणी कोणी उघडली

२ नोव्हेंबर

बाळा,

रविवारी तू फोन ठेवलास म्हणून हे लिहायला बसलेय. मी नुसतं ‘बाबांना’ एवढंच म्हटलं होतं, पुढचं तोंडातच राहिलं. तू आधीच बजावून ठेवलंयस, त्यांचं नाव निघालं की फोन बंद. कागद काही मधेच बंद पडत नाही. फाडून टाकलास तर माझा इलाज नाही.

बाबांचं दुखणं वाढलंय. हृदय थकलंय, अंगात पाणी साचतंय, असं डॉक्टर म्हणतात. पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो आणि बराच वेळ भरून येत नाही. दोन जिने चढायचे तर मधे दोनदा बसतात. दुकान ऑगस्टपासून बंदच आहे. लोकांची राहिलेली घड्याळं घरी आणून खिडकीपाशी बसून पुरी केली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे तो आहेच, पण डाव्या डोळ्याला भिंग लावलं की केसाएवढी स्प्रिंग अजून बरोबर जागी बसते. शेवटचं घड्याळ परवा परत गेलं. तेव्हापासून माणूस नुसता रिकाम्या टेबलाकडे बघत बसतो.

जेवणावरची वासना उडालीय. मीठ कमी आणि थोडं थोडं पण ताकदीचं द्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. एकतीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये चारशे माणसांना रांधून घातलं, एकाचं पोट कधी बिघडलं नाही, आणि आता घरातल्या एका माणसाच्या गळ्याखाली चार घास उतरवता येईनात. शेवटी विचारलं, अहो, काय करू सांगा. तर म्हणाले, “मुंगीचे गोळे कर.”

“ते नकोत,” मी म्हटलं.

“का नकोत? कागद आहे ना फ्रीजवर.”

कागद आहे. मागच्या सुट्टीत तुझ्या लेकीला, मुंगीला, आठवडाभर आमच्याकडे ठेवून जाताना तूच लावून गेली होतीस. वर्ष होत आलं, तो काढायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही. दोन वाट्या ओट्स, वाटीभर सूर्यफुलाच्या बियांचं बटर, अर्धी वाटी मध, मूठभर चॉकलेटचे तुकडे. मिसळणे, वळणे, फ्रीजमध्ये अर्धा तास. गॅस लावायचा नाही. आणि खाली लाल शाईने, दोन रेघा मारून: शेंगदाणा नाही, काजू नाही, बदाम नाही. चमचासुद्धा वेगळा.

काल केले. मिश्रण हाताला असं चिकटतं की धड गोळा होत नाही आणि धड सुटत नाही. तळहात ओले केले की जमतं, हे तू लिहिलं नव्हतंस. बाबा टेबलाशी बसून वळायला लागले. माझा एक लिंबाएवढा, तर एक सुपारीएवढा. त्यांचे सगळे एका मापाचे, जणू साच्यातून काढलेत. संसाराला चव्वेचाळीस वर्षं झाली, माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी हात घातला तो काल पहिल्यांदा. दीड गोळा खाल्ला. गेल्या महिन्यात एवढं एका वेळी त्यांनी खाल्लं नव्हतं.

सुट्टीत ये. मुंगीला आणायची भीती वाटत असेल तर नको आणूस, जावयांपाशी ठेव. पण तू ये. माणसाच्या हातून चूक होते गं. कोणाच्याही हातून होते.

तुझी आई

१६ नोव्हेंबर

बाळा,

तुझं पत्र आलं. एवढंसंच, पण मी चार वेळा वाचलं. तू लिहितेस, ‘बाबांना बरं वाटो, पण मी येणार नाही. मुंगी अजून कोणाच्या हातचं बिस्किटसुद्धा घेत नाही. शाळेत मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळी मुलं खात होती आणि ही भिंतीला टेकून उभी होती. आजोबांनी माझ्या गोळ्यात विष घातलं, असं ती म्हणते. मी तिला काय सांगू? त्या दिवशी तू होतीस आणि तू इंजेक्शन दिलंस म्हणून ती आज आहे, हे मी जन्मभर विसरणार नाही. तू केव्हाही ये. एकटी.’

बाबांनी विचारलं, काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. विषाचं वाक्य गाळलं. तर म्हणाले, “मुंगीचं काय लिहिलंय?”

“बरी आहे. शाळेत जाते.”

“खाते का नीट?”

“खाते.”

त्यांनी हात पुढे केला. मी पत्र दिलं नाही, घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले. लपवायची कला माझ्या अंगी नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय.

एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. एकच. इंजेक्शन मी दिलं नव्हतं.

मुंगीचे ओठ सुजायला लागले, गळ्यावर गांध्या उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, तेव्हा मी ओट्याशी उभी होते आणि माझे पाय जमिनीला खिळले होते. माझ्या तोंडून नुसतं ‘अगं बाई, अगं बाई’ निघत होतं. बाबा बाहेरच्या खोलीतून आले. तिच्या दप्तरातलं ते इंजेक्शनचं पेन त्यांनी काढलं, टोपण उडवलं आणि फ्रॉकवरूनच मांडीत दाबून धरलं. मोठ्याने दहा आकडे मोजले. त्यांचा हात हलला नाही. मग तिला आडवं निजवलं, पाय उशीवर ठेवले आणि मला म्हणाले, “खाली जा, रिक्षा थांबव.” मी तेवढंच केलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन वेळेवर दिलंत म्हणून वाचली. तू धावत येऊन माझ्याच गळ्यात पडलीस. “आई, तू होतीस म्हणून.” मी ते नाही म्हटलं नाही. पुढे दर वेळी तू फोनवर तेच म्हणायचीस, आणि दर वेळी मी ‘जाऊ दे गं’ म्हणायचे. म्हणजे वर आणखी मोठेपणा.

एवढंच. त्यांनी तिला वाचवलं. हे तरी मनात धर आणि ये.

आई

२९ नोव्हेंबर

बाळा,

तुझं उत्तर आलं नाही. फोनवर म्हणालीस, “आधी चूक करायची आणि मग सावरायची, त्यात कसलं कौतुक?” आणि लगेच विषय बदललास. बरोबरच आहे तुझं. तुला जेवढं ठाऊक आहे, त्यावरून तू बरोबरच बोललीस.

काल डॉक्टर घरी येऊन गेले. जिन्यात मला म्हणाले, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, आठवडे म्हणता येणार नाही.

आता लिहिते. मधे थांबले तर पुन्हा जमायचं नाही.

बरणी त्यांनी उघडली नाही. मी उघडली.

ती सूर्यफुलाच्या बटरची समजून, चुकून उघडली नव्हती. पीनट बटरची बरणी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. तू मुंगीला सोडून गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

का, ते विचारशील. तू आलीस त्या दिवशी माझे डबे उघडून पाहिलेस. शेंगदाण्याचं कूट दुसऱ्यांना देऊन टाकायला लावलंस. ओटा दोनदा पुसून घेतलास, माझ्याकडून. मला उभं करून कागद मोठ्याने वाचून दाखवलास आणि म्हणालीस, “आई, समजलं का? परत सांग.” मी परत सांगितलं, पाढे म्हणावे तसं. जावई दारात उभे होते, खाली बघत होते. मला वाटलं, आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? तू तीन वर्षांची असताना तुला मी मूठमूठ शेंगदाणे चारले. ही सगळी हल्लीची थेरं, डॉक्टरांनी डोक्यात भरवलेली, आणि पोर मात्र काचेच्या भांड्यासारखी जपून जपून नाजूक करून ठेवलेली. आठवडाभरात हिची भीती घालवते आणि मग सांगते हिच्या आईला, असं मी ठरवलं.

सोमवारी नखाएवढं दिलं, गोळ्यात लपवून. तिने ओठ खाजवले, थोडा वेळ. बाकी काही झालं नाही. मला वाटलं, जिंकले. तुझे गोळे तसेही कडवट लागत होते, ती अर्धा खाऊन उरलेला टाकून द्यायची. गुरुवारी एक चमचा घातला, भरून. चांगलं मळलं. पुढचं तुला ठाऊक आहे.

चुकून झालं असतं तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मी चुकले नव्हते बाळा, मी मुद्दाम केलं होतं. तिला काही व्हावं म्हणून नाही, देवाशपथ नाही. तू खोटी ठरावीस म्हणून.

दवाखान्याच्या त्या लांब बोळात तू विचारलंस, “कोणी दिलं?” मी तोंड उघडलं होतं. मी खरंच उघडलं होतं. पण बाबा माझ्या पुढे झाले. “माझ्याकडून झालं. दुकानातून आणताना बरणी चुकली. नाव दिसलं नाही मला.” तू ओरडलीस, “दिसत नाही तर हात कशाला लावता?” सगळा बोळ बघत होता. ते मान खाली घालून उभे राहिले आणि मी त्यांच्या मागे उभी राहिले.

तुला कधीच शंका कशी आली नाही गं? भिंगातून केसाएवढी स्प्रिंग बसवणाऱ्या माणसाला बोटभर अक्षरं दिसली नाहीत? पाणी प्यायलाही जो स्वयंपाकघरात येत नाही तो बटर कालवायला आला? मला रोज वाटायचं, आज ती विचारेल. आणि रविवारी तू म्हणायचीस, आई, तू जप हं. फोन ठेवला की मी बाबांपाशी जायचे. दर वेळी म्हणायचे, पुढच्या खेपेला सांगते. ते म्हणायचे, “राहू दे.” मला तेच ऐकायचं असायचं.

हे वाचून माझं तोंड पाहावंसं वाटणार नाही. नको पाहूस. बाबांसाठी ये. मी शेजारी जाऊन राहीन, तू म्हणशील तर.

आई

२० डिसेंबर

बाळा,

तू जाऊन दहा दिवस झाले. हे पत्र वाचशील की नाही ठाऊक नाही, पण बाबा आणि माझ्यात जे बोलणं झालं ते तू ऐकलेलं नाहीस, आणि ते तुझं आहे.

तू आलीस तेव्हा माझं पत्र तुझ्या हातातच होतं. माझ्या अंगावरून आत गेलीस आणि त्यांच्या पलंगाशी जमिनीवरच बसलीस, चपला न काढता. मी दाराबाहेर होते. तू म्हणालीस, “बाबा, मला कळलं.” बराच वेळ नुसता तुझ्या रडण्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, “मुंगी जेवते का?” बाकी त्यांनी काही विचारलं नाही आणि मी तिथून हलले.

दुपारी तू औषधं आणायला खाली गेलीस. त्यांनी मला बोलावलं. या माणसाने रागावणं तर सोडच, मला कधी मोठ्या आवाजात हाकसुद्धा मारली नव्हती. त्या दिवशी उशीवरून मान उचलून म्हणाले, “कोणी सांगितलं होतं तुला लिहायला?”

मी म्हटलं, “तुम्हाला तिने भेटावं म्हणून.”

“मी तर चाललोय. मला भेटून काय करायचं होतं? अगं, मी हिशेब करून बोललो होतो तेव्हा. छातीचं दुखणं मला तेव्हाच ठाऊक होतं, तुला सांगितलं नव्हतं इतकंच. म्हटलं, राग धरायचाच असेल तर पोरीने जाणाऱ्यावर धरावा. मी गेल्यावर तिला एक आई तरी उरली असती. आता काय उरलं?”

मी म्हटलं, “पण ती तुम्हाला भेटली ना.”

त्यांनी मान पुन्हा उशीवर टेकवली. मग म्हणाले, “हो. भेटली.” आणि डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं, मी पदराने टिपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले, तू हात धरलेला असताना. शेवटपर्यंत तू ओट्यापाशी आली नाहीस. स्वतःचं पाणीसुद्धा बाहेरून आणलेल्या बाटलीतलं प्यालीस. मी समजले.

निघताना बूट घालता घालता तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, “मुंगीला तू लिही. मी सांगणार नाही तिला. तिच्या आजोबांबद्दल तिच्या मनात जे बसलंय ते तू काढ. सोपं लिही, तिला वाचता येतं.”

मी म्हटलं, “आणि तू?”

“मला वेळ लागेल. किती, ते विचारू नकोस.”

नाही विचारत. दहा दिवसांत सात कागद फाडले. सोबतचा आठवा आहे. तुला दाखवायचा की नाही ते मुंगीला ठरवू दे. पाकीट चिकटवलंय.

आई

२० डिसेंबर

लाडक्या मुंगीला,

हे पत्र आजीचं आहे. तुला एकटीला वाचायचं आहे. काही शब्द अडले तर आईला विचार.

आजोबा गेले, हे आईने सांगितलं असेल. ते खूप थकले होते.

मागच्या सुट्टीत तू आमच्याकडे आजारी पडलीस. आजोबांनी तुझ्या खाऊत काहीतरी वाईट घातलं, असं तुला वाटतं. ते खरं नाही. तो गोळा मी केला होता. त्यात शेंगदाण्याचं बटर मी घातलं होतं. तुला ते चालत नाही हे मला माहीत होतं, तरी घातलं. आई सांगते ते खोटं आहे, असं मला वाटत होतं. आईचंच खरं होतं.

आजोबांनी तुला इंजेक्शन दिलं. तू बरी झालीस ती त्यांच्यामुळे. मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं की चूक त्यांची आहे. मला कोणी रागावू नये म्हणून. आणि मी गप्प बसले. खूप दिवस गप्प बसले.

आजोबा रोज विचारायचे, मुंगी जेवते का. तू त्यांच्यावर रागावलीयस हे त्यांना कळलं होतं, पण ते तुझ्यावर कधी रागावले नाहीत. आता त्यांचा राग सोड. माझा धरलास तर चालेल.

अजून एक गोष्ट आहे. ती मी तुझ्या आईलाही सांगितलेली नाही, आजोबांनाही नाही.

त्या गुरुवारी मी ताटली पुढे केली, तेव्हा तू हात मागे घेतलास. मला विचारलंस, “आजी, यात शेंगदाणा नाही ना?” मी हसले आणि ‘नाही गं’ म्हटलं. मग तू खाल्लास.

तुझं काहीच चुकलं नव्हतं. तुला जसं शिकवलं होतं तसंच तू विचारलंस. उत्तर मी खोटं दिलं. सगळे लोक माझ्यासारखं खोटं बोलत नाहीत. तुझ्या मैत्रिणीच्या आईला विचार, ती खरं सांगेल. कोणी हसलं तरी विचार. दोनदा विचार. आणि खात जा.

आजी